बिनउचलीचं साल

म्हशीला पाडवा कळत नाही, असं कस्तुराबाई दर दिवाळीला म्हणायच्या. धारा निघाल्या, दूध भट्टीला लागलं, की मगच घरातल्या माणसांच्या अंगाला उटणं. यंदाही तसंच झालं होतं. अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही कढया रटरटत होत्या आणि रणधीर-कृष्णराज हे त्यांचे दोघे मुलगे न पुसलेल्या ओल्या केसांनी दूध घोटत उभे होते. खवा लागायला आला की त्याचा एक गोडसर, किंचित करपट वास सुटतो. त्या वासातच हे दोघे वाढले आणि आता कृष्णराजची लेक राजनंदिनी वाढत होती.

ती आत्ता ओसरीवर सोनालीच्या मांडीवर दूध पीत होती. वर्षाची झाली, चार दात आले, तरी दूध पिताना आईच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत गच्च धरल्याशिवाय तिचं भागत नसे. सोनाली एका हातानं तिचं जावळ मागं सारत होती आणि डोळे लावून बसली होती फाटकाकडं.

आण्णासाहेब यायचे होते.

भूमच्या बाजारात आण्णासाहेबांची खव्याची पेढी. त्यांचे वडील आणि सोनालीचे आजेसासरे यांनी कधीकाळी हे सुरू केलं होतं. पाडव्याला व्यापाऱ्यानं भट्टीवाल्याच्या घरी स्वतः यायचं आणि वर्षाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात द्यायची. भट्टीवाल्यानं वर्षभर सगळा माल त्यालाच घालायचा आणि त्यातून ती उचल फेडत जायची. पुढच्या पाडव्याला जे फिटलं असेल तेवढं पुन्हा उचलायचं. खातं कधी रिकामं ठेवायचं नाही. रिकामं खातं म्हणजे तुटलेलं नातं, अशी या पट्ट्यातल्या भट्टीवाल्यांची समजूत. नोटांचं पुडकं कुणी हातात घ्यायचं नाही, ते तबकात ठेवायचं. घरच्या लक्ष्मीनं त्याला हळदकुंकू लावलं की उचल घेतली असं धरायचं. कागद नाही, सही नाही. आणि व्याज तर नाहीच. "बिनव्याजी!" हे सोनालीचे सासरे बलभीमआप्पा पाहुण्यारावळ्यांत छाती पुढं काढून सांगायचे.

यंदा मात्र, भट्टी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, उचल पुरती फिटली होती. सगळी चार लाख.

सोपं नव्हतं ते. दोन वर्षांपूर्वी या घराला तीन बाजूंनी गळती लागली होती. रणधीरनं मोबाइलवरच्या शेअरच्या खेळात पैसे घालवले आणि ते भरून काढायला मोबाइलवरच्याच कुठल्याकुठल्या कंपन्यांकडून कर्जं उचलली. त्यांचे फोन मग सोयऱ्याधायऱ्यांनाही यायला लागले. त्यातच गेल्या साली राजनंदिनी दिवस भरायच्या आत जन्मली आणि काचेच्या पेटीत राहिली. तिच्या दवाखान्यासाठी थोरल्या जावेनं, अर्पितानं, कुणी मागायच्या आत गळ्यातलं गंठण काढून तारण ठेवलं. वर ही उचल होतीच. बाळंतपणातून उठल्यावर सोनालीनं एकच गोष्ट लावून धरली. ज्याचं व्याज मोठं, ते आधी मारायचं. रणधीरची मोटारसायकल विकून मोबाइलची कर्जं गेली. आण्णासाहेबांच्या परवानगीनं थोडा खवा राखून दोघी जावांनी येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळाच्या वाटेवर पेढ्याचं टेबल मांडलं, त्यातून गंठण सुटलं. मग दोन म्हशी विकल्या, पेढा चालूच ठेवला आणि उचलही संपवली.

आज सोनालीला एवढंच हवं होतं, की ते तबक रिकामं राहावं.

"बोलणार हाईस का न्हाईस?" अर्पिता चकल्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि शेजारी टेकली. "का नुसती फाटकाकडं बघूनच मामांना कळायचं?"

"अक्का, मी कशी बोलू? दुसरं कुणी असतं तर बोलले असते."

अर्पितानं चकल्यांचं ताट खाली ठेवलं. ते दोघींनाही ठाऊक होतं. त्या दिवशी कळा सुरू झाल्या तेव्हा गावात एक गाडी हाताला लागेना. कृष्णराजनं आण्णासाहेबांना फोन लावला आणि म्हातारा माणूस स्वतः गाडी हाकत आला. सोलापूरला दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आता ज्या माणसाच्या गाडीत आपली लेक वाचली, त्याचंच पुडकं माघारी लावायचं?

"म्हणजे उपकाराचं व्याज देत बसायचं आपण?" अर्पिता हळूच म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतीस?"

तेवढ्यात खवा उतरवून माणसं शेडमधून ओसरीवर आली. पुढं बलभीमआप्पा, पांढरं धोतर, नवी टोपी. मागं हात पुशीत दोघे मुलगे. कस्तुराबाई देवघरातून तबक घेऊन आल्या. त्यात निरांजन, सुपारी, हळदकुंकवाच्या वाट्या. मधली जागा मोकळी ठेवलेली.

"औंदा चाराचं पाच लाख मागा आप्पा," रणधीर पायरीवर बसत म्हणाला. "पिकअप घेऊ. दूध गोळा कराया बी व्हईल, पेढं न्याया बी व्हईल."

"न मागता बी दील तो. खातं निल झालंय, खुश आसंल."

कृष्णराजनं बायकोकडं पाहिलं. रात्री तो म्हणाला होता, तू बोल, मी आहे. आता मात्र त्यानं नजर काढून घेतली आणि चकलीचा तुकडा मोडला. नवऱ्यांचं असंच असतं, सोनालीच्या मनात आलं. रात्री सिंह, आणि बापापुढं शेपूट.

"मामा," ती म्हणाली, "यंदा नाही घेतली तर?"

"काय न्हाय घेतली?"

"उचल."

निरांजनाची वात पुढं सारता सारता कस्तुराबाईंचा हात थांबला. बलभीमआप्पा हसले. लहान पोर काहीतरी अडाण्यासारखं बोललं की हसतात तसं.

"अगं, बिनव्याजी मिळतीय. ती कशी न्हाय घ्यायची? आन् मग खर्चाला काय, भट्टी चाटायची?"

"ज्या पैशातून यंदा उचल फेडली, तो पैसा आता दर महिन्याला आपल्याच हातात राहील. त्यातून खर्च भागवून स्वतःला हप्ता बांधून घ्यायचा. आधी अडीनडीला बाजूला काढायचा. ते पुरेसं साठलं की मग एसआयपी..."

"यसायपी म्हंजी?"

कृष्णराज पुटपुटला, "शेअरबाजारातच जातंय ते, आप्पा. फंडातनं."

"बाजार!" आप्पांचा आवाज चढला तसं राजनंदिनीनं दूध सोडून मान वळवली. "ह्या घरात त्ये नाव निघायचं न्हाय, म्या सांगितलं व्हतं. एकदा त्या मोबाइलनं उभा बाजार मांडला हितं. सोयऱ्यांस्नी तोंड दावाया जागा ठेवली न्हवती!"

रणधीर खाली मान घालून पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडू लागला. सोनालीला त्याची दया आली. दोन वर्षं झाली, पण अजून या घरात कुणी 'मोबाइल' म्हटलं की त्याची मान खाली जायची. बोलायला नको होतं आपण, तिला वाटलं. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

आण्णासाहेब आले ते नेहमीसारखे मिठाईच्या पुड्यासकट. आल्या आल्या त्यांनी हात पुढं केले ते राजनंदिनीसाठी.

"आमची गाडीवाली कुठाय? आगं बघ की! वळखीना व्हय म्हाताऱ्याला? सोलापूरपत्तुर किती खड्डं चुकवलं तुज्यासाठी!"

राजनंदिनी त्यांच्याकडं गेली आणि तिनं त्यांच्या जाकिटाचं बटण तोंडात घातलं. सोनालीचे डोळे भरून आले. या माणसाला दुखवायचं बळ देवीनं आपल्याला देऊ नये, असं तिला एकदा वाटून गेलं. आणि लगेच वाटलं, मग हिचं काय? हिच्या लग्नातही उचल, हिच्या शिक्षणालाही उचल, आणि पुढं हिच्या बापाच्या म्हातारपणालाही उचलच?

चहा झाला. खव्याच्या भावाच्या, पेंडीच्या महागाईच्या गप्पा झाल्या. मग आण्णासाहेबांनी जाकिटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि तबकातल्या मोकळ्या जागी ठेवलं.

"बलभीमराव, खातं निल केलंत. माज्या बाच्या काळापासून कुणी न्हवतं केलं. मान हाय तुमचा. म्हणून औंदा पाच आणल्यात."

रणधीरनं डोळे विस्फारले. कस्तुराबाईंनी पदर सावरला आणि कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं.

"आण्णा," सोनाली म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "एक विचारू का? रागावू नका."

"तुज्यावर कशाला रागवू, पोरी. इचार."

"ज्यांच्याकडं तुमची उचल नाही, त्यांच्याकडून तुम्ही खवा काय भावानं घेता?"

कस्तुराबाईंचं बोट तबकावर तसंच राहिलं. आण्णासाहेबांनी मांडीवरच्या पोरीला जरा सावरलं. खोटं बोलता आलं असतं त्यांना. त्यांनी एकवार बलभीमआप्पांकडं पाहिलं.

"धा रुपयं जास्त," ते म्हणाले. "किलोमागं."

दिवसाला तीस किलो खवा, म्हणजे महिन्याला नऊ हजार, आणि तेही चार लाखांवर. शेकडा दोनाच्याही वर. गावातला खाजगी सावकार शेकडा दोननं देतो आणि लोक त्याला शिव्या घालतात. हे सगळं सोनालीनं पोरीला थोपटताना कितीदा तरी मनात फिरवलं होतं. पण ते मोठ्यानं म्हणायची गरजच पडली नाही. कृष्णराजच्या ओठांची हालचाल तिला दिसली, तो गुणाकार करत होता. मग रणधीरची दिसली.

"आप्पा," रणधीर सावकाश म्हणाला, "ही कसली बिनव्याजी वो?"

"म्हाईत हाय मला," बलभीमआप्पा म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"तुमाला काय वाटलं, तुमच्या बाला हिशोब येत न्हाय? जवापासून भट्टीवर बसतो तवापासून म्हाईत हाय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कोरोनात मिठाईची दुकानं बंद पडली. भूम तालुक्यात भट्टीवाल्यांनी दूध वढ्याला सोडलं. आपला खवा ह्या माणसानं रोज उचलला आन् स्वताच्या पैशानं कोल्ड स्टोरेजला टाकला. धा रुपयं म्या याज म्हणून देत न्हवतो. झोप लागावी म्हणून देत व्हतो. उद्या म्हैस बसली, लेकरू आजारी पडलं, तर भूमला आपलं कुणीतरी हाय, एवढ्यासाठी."

आपण मोठी गोष्ट शोधून काढली असं सोनालीला वाटत होतं, आणि सासऱ्यांनी ती आयुष्यभर उशाशी घेऊन झोप काढली होती. ती उठली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"मामा, मी पण त्या झोपेचंच म्हणते. लगेच कुठल्या बाजारात नाही घालायचे पैसे. आधी बँकेत साठवायचे, कधीही मोडता येतील असे. म्हैस बसली तर तिथनं, लेकरू आजारी पडलं तर तिथनं. सहा महिन्यांचा घरखर्च जमला, की आपली उचल आपल्याच घरात. घरातल्या सगळ्यांचा दवाखान्याचा विमा काढायचा. मग जे उरेल, त्यातलं थोडं राजनंदिनीसाठी, अक्काच्या मुलांसाठी. आण्णांचे उपकार मी विसरले असते तर एवढी भ्याले नसते आज."

"आन् बुडालं तर?" हे कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटावरचं कुंकू वाळत चाललं होतं.

"बँकेतलं न्हाय बुडत असं, आई." उत्तर आलं ते पायरीवरून. रणधीर उभा राहिला होता. "फंडातलं वरखाली व्हतंय. हमी कुणी देत न्हाय, दिली तर त्यो लबाड समजायचा. पण म्या केलं त्ये ह्ये न्हवं, आप्पा. म्या मिनिटामिनिटाला बघायचो. धा मिनिटांत दुप्पट करायचं व्हतं मला, त्येबी दुसऱ्याच्या पैशानं. ही म्हणतीय पंधरा वर्सं बघायचंच न्हाय, आन् आपल्याच घामाचं टाकायचं. त्यो जुगार व्हता, ही पेरणी हाय." मग एकदम ओशाळून तो म्हणाला, "पिकअप ऱ्हाऊ द्या. छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं मिळतोय की."

अर्पितानं नवऱ्याकडं असं पाहिलं, की सोनालीनं नजर दुसरीकडं वळवली. काही बघणं दुसऱ्यानं बघायचं नसतं.

आता आण्णासाहेबांनी राजनंदिनीला तिच्या आईच्या हवाली केलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"बरं हाय तर," ते म्हणाले. "समजलो म्या."

त्यांचा चेहरा पडला होता. बलभीमआप्पांनी तो पाहिला आणि त्यांचा हात आपोआप तबकाकडं गेला. एका क्षणात सगळं उलटं झालं असतं. तेवढ्यात कस्तुराबाई पुढं झाल्या.

"आण्णा, टोपी काढा."

"का वो वैनी?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी टोपी काढली. कस्तुराबाईंनी वाळलेलं बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर लांब उभी रेघ ओढली. मग निरांजन घेऊन त्यांना ओवाळलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. पुडक्याला ओवाळायचं, ते आणणाऱ्याला ओवाळायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"उपकार केलेत, ते केलेत. आमची पोरगी जित्ती हाय तुमच्यामुळं, ह्ये मी मरताना बी म्हणीन," कस्तुराबाई म्हणाल्या. "भावासारखं येत जावा पाडव्याला. हात हालवत या. पैसं तेवढं माघारी न्या."

आण्णासाहेब पुन्हा खाली बसले, रुमालानं नाक पुसलं, आणि मग अचानक हसायलाच लागले.

"आता सांगतोच. ही रक्कम काय माज्या घरात पिकत न्हाय. दर दिवाळीला बँकेतनं याजानं काढतो आन् तुमा सगळ्या भट्टीवाल्यांच्या घरी वाटत फिरतो. धा रुपयातनं बँकेचं याज जातंय, बुडव्यांचं बी त्यातच. पोरगं म्हणतंय, आबा, बंद करा. म्या म्हणतो, आरं, बलभीमरावाला काय वाटंल? बाच्या काळापासून चालत आलंय!"

"आन् म्या म्हणायचो, आण्णाला काय वाटंल!" बलभीमआप्पांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी दोघंबी एकमेकाला वाटू नये म्हणून..." रणधीरला पुढं हसू आवरेना. राजनंदिनीला काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही चार दात दाखवून हसली.

मग आण्णासाहेबांतला व्यापारी जागा झाला. "पर माल मलाच घालायचा हां. भाव बाजारचा दीन."

"निम्मा," कृष्णराज म्हणाला. त्याला कंठ फुटला होता. "निम्म्याचे आता आम्ही पेढे करणार."

"निम्मा? आरं, आता आईनं ववाळलं मला! मामा झालो मी तुजा. पाऊण."

"पाऊण तर पाऊण. पण काटा आमचा."

"ह्ये पोरगं बायकोवर गेलंय," आण्णासाहेब म्हणाले. आणि पुडकं जाकिटात घालून, नारळ घेऊन, कपाळावरची कुंकवाची रेघ न पुसता ते गाडीत बसले.

गाडीची धूळ खाली बसते न बसते, तोच धोंडप्पा आला.

धोंडप्पा म्हणजे ओढ्यापलीकडचा दूधवाला शेतकरी. घरच्या म्हशी, रोज दोन्ही वेळचं दूध भट्टीला. तो ओसरीच्या कडेला बसला, कस्तुराबाईंनी दिलेला चिवडा खाऊ लागला आणि त्याची नजर तबकाकडं गेली. नजर तिथं का गेली, हे सोनालीला एकदम उमगलं. आण्णासाहेबांची उचल घरात यायची आणि त्याच दिवशी त्यातलीच काही धोंडप्पाला, आणखी दोघातिघांना जायची. दूध बांधून घेण्यासाठी.

ते ती साफ विसरली होती. वरचं माणूस तिला दिसलं होतं, खालचं नाही.

"मालक, औंदा तबक मोकळंच?" धोंडप्पानं विचारलं.

बलभीमआप्पांनी सुनेकडं पाहिलं. रागानं नाही. पण उत्तर तूच दे, असं त्या बघण्यात होतं. मग तेच धोंडप्पाकडं वळले.

"धोंडप्पा, म्या तुला उचल देतो, आन् दुधाला लिटरमागं दोन रुपयं कमी धरतो. ठावं हाय का तुला?"

धोंडप्पाचा घास हातातच राहिला. "पाडव्याच्या दिशी चेष्टा करता व्हय? आमच्या रेडकाला बी ठावं हाय त्ये."

"मग बोलला न्हाईस कधी?"

"तुमी आण्णाला बोलला व्हता का?"

कस्तुराबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या आणि त्यांच्यामागून सगळी ओसरी. बलभीमआप्पांचे तर डोळे ओले झाले.

"बरं, आता सांग," ते म्हणाले. "उचल पायजे का भाव?"

"दोन्ही!"

"दोन्ही न्हाय मिळायचं लेका."

धोंडप्पानं कान खाजवला, आभाळाकडं पाहिलं, चिवड्यातला शेंगदाणा शोधून खाल्ला. "भाव द्या," तो म्हणाला. "पर आजच्याला पेंड आणाया पैसं न्हाईत. त्येवढं बघा."

सोनाली उठून आत गेली. दिवाळीच्या पेढ्यांची कमाई तिनं आणि अर्पितानं डब्यात बाजूला ठेवली होती. दिवाळीनंतर बँक उघडली की पहिला भरणा करायचा, म्हणून. तिनं अर्पिताकडं पाहिलं. अर्पितानं मान हलवली, जणू दोघींत आधीच ठरलं होतं. सोनालीनं एका पोत्याचे पैसे काढून धोंडप्पाच्या हातावर ठेवले.

"ह्याचं काय कापणार, वैनीसाब?"

"काही नाही. झालं की आणून द्या."

दुपारी पुरणपोळ्या खाऊन माणसं जिकडंतिकडं लवंडली. राजनंदिनी पाय पसरून झोपली होती. शेजारी सोनाली पालथी पडून मनात आकडे मांडत होती. वाढीव भावाचे महिन्याला नऊ हजार उरतील असं धरलं होतं. उचल घेणाऱ्या सगळ्यांना दुधाचा पुरा भाव दिला की उरतात पाच हजारांच्या वर थोडे. त्यातले पाच बँकेत अडीनडीला. तिथं पुरेसं साठलं की त्यातलेच हजार एसआयपीत, लेकरांसाठी. वरचे विम्याकडं. ठरवलं होतं त्याच्या जवळजवळ निम्मं. वाईट वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली, पण वाईट काही वाटेना. झोपेत पोरीचे ओठ हलत होते आणि शेडमधून कृष्णराजच्या घोटण्याची खरखर येत होती. या घरातला प्रत्येक जण आज आपल्यासाठी जागचा थोडा थोडा हलला, एवढंच तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

दारात सावली पडली. बलभीमआप्पा होते. ती पदर सावरून उठून बसली.

"झोप, झोप. इचारायचं व्हतं एक." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यो हप्ता किती तारखेला जाणार म्हणालीस?"

"पाच तारखेला, मामा. बँकेचा, आणि पुढं सुरू झाली की एसआयपीचा पण."

"न्याया कोण येतंय?"

"कुणी येत नाही. खात्यातनं आपोआप जातंय."

"कुणीच न्हाय?"

"कुणीच नाही."

ते दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी पैसा दिला-घेतला तो माणसासमोर बसून, त्याच्या लेकराबाळांची चौकशी करत. आता कुणी न येता पैसा जायचा होता. त्यांना ते पटत नव्हतं असं नाही, पण कुठंतरी सुनंसुनं वाटत होतं.

"मग च्या कुणाला पाजायचा?" ते म्हणाले.

सोनालीला हसू आलं आणि हसता हसता रडूही. "तुम्हाला, मामा," ती म्हणाली. "तुम्ही बसा ओसरीवर. मी करते."

"साखर जास्त लागंल," ते बजावून म्हणाले. "आन् म्या इचारणार, गेला का हप्ता म्हणून. कुणीतरी इचाराया पायजे."